पेन्शन लागली, दवाखान्याचे कार्ड मात्र राहिले

परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर सकाळच्या अमरावती गाडीला उभ्या असलेल्या गर्दीत जुना फौजी लांबूनच ओळखू येतो. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. कुठे निघाले काकाजी, असे विचारले की उत्तर ठरलेले, "बँकीत चाललो. पेन्शनीचं काम हाय." अन् दवाखान्याचे काय? "दवाखाना? थो नौकरीत होतो तवापर्यंत होता ना बाप्पा. आता ज्याचं त्यानं पाहाचं."

हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. पेन्शन घेणाऱ्या माजी सैनिकाला आणि त्याच्या बायकोला आयुष्यभर औषधपाण्याचा हक्क आहे. पण हा हक्क पेन्शनीसारखा दर महिन्याला आपोआप खात्यात येत नाही. त्यासाठी नाव नोंदवावे लागते, कार्ड काढावे लागते. कार्ड नसले की घरात मोठे दुखणे निघाल्यावर बैलजोडी बाजारात जाते, संत्र्याचा बहर झाडावरच व्यापाऱ्याला दिला जातो, नाही तर एखादा एकर वावर गहाण पडते. हक्क असून ही पाळी येते, याचेच वाईट वाटते.

अचलपूर आणि फौज यांचा संबंध नवा नाही. इंग्रजांच्या काळात एलिचपूरला छावणी होती आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी इथे राहत. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, कामठीला गार्ड्सचे केंद्र आले, आणि वऱ्हाडातली पोरे भरतीला जात राहिली. १९६५ आणि १९७१ च्या लढाया पाहिलेले लोक आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. दवाखान्याची गरज सर्वांत जास्त त्यांनाच आहे आणि ऑनलाइन फॉर्म भरायची सवय सर्वांत कमी त्यांनाच आहे.

योजना काय आहे?

योजनेचे पूर्ण नाव माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. लोकांच्या तोंडी ई.सी.एच.एस. केंद्र सरकारने तिला ३० डिसेंबर २००२ रोजी मंजुरी दिली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी इस्पितळाचाच आधार होता, तोही तिथे जागा आणि सोय असेल तर. अचलपूरच्या माणसाने गुडघा दाखवायला कामठी गाठायची, हे काही रोज जमणारे काम नव्हते.

आता देशभर सव्वाचारशेच्या वर पॉलिक्लिनिक आहेत. आपल्या भागाचे पॉलिक्लिनिक अमरावतीला आहे आणि ते नागपूरच्या प्रादेशिक केंद्राखाली येते. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर तपासतात, औषधे मिळतात. भरती करण्याची किंवा मोठ्या तपासणीची गरज असेल तर तिथून चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी आणि कार्ड घेऊन योजनेशी करार झालेल्या खाजगी दवाखान्यात गेले की बिल रुग्णाने भरायचे नसते. कार्ड देशातल्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. मुलाकडे पुण्याला गेलात तर तिथेही दाखवता येते.

पहिला प्रश्न : पेन्शन आहे काय?

फौजेत होतो, एवढे सांगून भागत नाही. दोन गोष्टी लागतात. एक, माजी सैनिक हा दर्जा. दुसरी, लष्कराची पेन्शन. पेन्शन साधी असो, अपंगत्वाची असो की विधवेची कुटुंब पेन्शन असो, तिन्ही चालतात. पूर्ण नोकरी न करता जखमेमुळे किंवा आजारामुळे घरी पाठवलेला जवान अपंगत्वाची पेन्शन घेत असेल तर तोही पात्र आहे. २०१९ साली दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, आणीबाणी कमिशन आणि शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी यांनाही दार उघडले गेले.

गावात एक गोंधळ हमखास होतो. सी.आर.पी.एफ. किंवा बी.एस.एफ. मधून निवृत्त झालेलेही वर्दीचेच लोक; पण त्यांचा कारभार गृह खात्याकडे. त्यांना ई.सी.एच.एस. लागू नाही. केंद्र सरकारच्या इतर पेन्शनरांप्रमाणे सी.जी.एच.एस. ही योजना त्यांच्यासाठी आहे. आणि २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांनी हे आधीच समजून ठेवावे : चार वर्षांनी परत येणाऱ्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि हे कार्डही नाही. जे पुढे कायम सेवेत घेतले जातील त्यांचीच गोष्ट वेगळी.

पैसे किती भरायचे?

इथे निवृत्तीची तारीख पाहायची. डिस्चार्ज बुक उघडा आणि तारीख वाचा.

१ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. म्हणजे १९७१ ची लढाई लढलेल्या बहुतेकांना एक पैसाही वर्गणी नाही. कार्ड छापण्याचा किरकोळ खर्च तेवढा येतो. युद्धात शहीद झालेल्यांच्या पत्नींनाही वर्गणी माफ आहे.

१ जानेवारी १९९६ ते ३१ मार्च २००३ या काळात निवृत्त झालेल्यांना सभासद होणे ऐच्छिक आहे. व्हायचे असेल तर वर्गणी भरावी लागते.

१ एप्रिल २००३ पासून पुढे निवृत्त झालेल्यांना सभासदत्व सक्तीचे आहे आणि वर्गणी निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतूनच कापली जाते. या गटातल्यांनी आपला हिशेबाचा कागद काढून पाहावा. पैसे कापले गेले आणि कार्ड काढलेच नाही, असे होऊ देऊ नये. बी-बियाण्याचे पैसे दुकानदाराला देऊन थैली तिथेच सोडून यावे, तसे ते होईल.

वर्गणीचे दर २०१७ च्या अखेरीस ठरले ते असे : शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये, अधिकारी १,२०,००० रुपये. ही रक्कम एकदाच भरायची. दरवर्षी हप्ता नाही. दवाखान्यात खाट कोणत्या वर्गात मिळणार, जनरल, सेमी-प्रायव्हेट की प्रायव्हेट, हे याच क्रमाने ठरते. उपचार सारखाच.

एक हिशेब मात्र आधी करावा. जे सभासद नाहीत त्यांच्यापैकी अनेकांना पेन्शनीसोबत महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. कार्ड घेतले की हा भत्ता बंद होतो. "महिन्याचे हजार रुपये काहाले सोडू?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पण वर्षाचे १२,००० रुपये एका बाजूला ठेवा आणि नवरा-बायकोची साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, गुडघा, छातीचे दुखणे दुसऱ्या बाजूला ठेवा. भत्ता ताप-खोकल्याला पुरतो, ऑपरेशनला पुरत नाही. साठी उलटलेल्या जोडप्याने कार्डच घ्यावे, असे आमचे मत आहे.

घरातले कोण कोण?

पत्नी किंवा पती तर आहेच. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा कमावता होईपर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत. यातले जे आधी घडेल तिथे त्याचा हक्क संपतो. मुलीला वयाची अट नाही. ती कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत पात्र असते. विधवा किंवा घटस्फोटित होऊन माहेरी परतलेली मुलगी बापावर अवलंबून असेल तर तिचेही नाव घालता येते. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला वयाची मर्यादा नाही.

आई-वडील सोबत राहत असतील आणि त्यांचे सर्व मार्गांचे मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असेल तर तेही बसतात. सर्व मार्गांचे म्हणजे शेतीचेही. वावर वडिलांच्याच नावावर असेल तर उत्पन्न खरे तेच लिहावे. नोकरी लागलेल्या किंवा लग्न झालेल्या मुलाचे कार्ड तसेच चालू ठेवू नये. पुढे चौकशी झाली तर अडचण बापाची होते.

सैनिकाचा सातबारा

शेतकऱ्याला सातबारा कशाला लागतो हे सांगावे लागत नाही. बाप वारला, वारसाची नोंद झाली नाही, फेरफार रखडला, की पीककर्जही अडते. फौजीचे डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, हा त्याचा सातबाराच समजावा. कार्डाचे अर्ज अडतात ते बहुधा इथेच.

भरतीच्या वेळी कारकुनाने जसे ऐकले तसे नाव लिहिले. हिंदी बोलणाऱ्या माणसाने वऱ्हाडी आडनाव लिहिले की काना-मात्रा इकडची तिकडे होते. पुस्तकात बायकोचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे. पोरांच्या जन्मतारखा पुस्तकात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. कुठे बायकोचे नाव पी.पी.ओ. मध्ये चढलेलेच नाही, कारण लग्न निवृत्तीनंतर झाले. नोकरीत असताना लग्न, मूल अशा प्रत्येक गोष्टीची नोंद पलटणीत होते, तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. हा फौजेतला फेरफार. तो राहिला असेल तर आता रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते.

रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचे वेगळे आहे. महार रेजिमेंटवाल्यांचे मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्सचे कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नलवाल्यांचे जबलपूरला. तिथवर हेलपाटे घालण्याचे कारण नाही. अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज नीट लिहून घ्यावा आणि त्यांच्यामार्फत पाठवावा. सोबत आधार, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, गरज असेल तिथे प्रतिज्ञापत्र जोडावे. दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणूनच हे काम दुखणे येण्याच्या आधी, हाताला सवड असताना करायचे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे कोरडवाहूवाल्याला आम्ही काय सांगावे!

अर्ज कसा करायचा?

अर्ज आता ऑनलाइनच आहे. जवळ ठेवायचे कागद असे : डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन कार्ड, पेन्शन जमा होते त्या बँक खात्याचा उतारा, फोटो, मुलांच्या जन्माचे दाखले, अपंगत्व असल्यास त्याचे प्रमाणपत्र, आणि भत्ता घेत असाल तर तो बंद केल्याचा कागद. अर्जात आपले पॉलिक्लिनिक म्हणून अमरावती निवडावे. अर्ज तपासून मंजूर झाला की तात्पुरती पावती निघते. कार्ड हाती येईपर्यंत ती चालते. पक्के कार्ड पॉलिक्लिनिकमध्ये येते, तिथूनच घ्यायचे.

दोन गोष्टी सांभाळा. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाचा द्या. सेवा केंद्रवाल्याचा नंबर टाकला तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात. आणि फोनवर कोणी "कार्ड बंद पडणार, ओ.टी.पी. सांगा" म्हटले तर फोन ठेवून द्या. कार्डाच्या कामाला असा ओ.टी.पी. फोनवर कोणाला सांगायचा नसतो.

जुने कार्ड असलेल्यांनीही ते एकदा पॉलिक्लिनिकला दाखवून घ्यावे. पहिल्या काळातली कार्डे बदलून आता नवी ६४ के.बी. ची कार्डे आली आहेत. पेटीत जपून ठेवलेले कार्ड ऐनवेळी मशीनने वाचले नाही, असे व्हायला नको.

अर्ध्या रात्री छातीत दुखले तर?

अचलपूर ते अमरावती ५० किलोमीटर. मेळघाटातल्या गावांना त्याहून कितीतरी जास्त. हा या योजनेचा आपल्याकडचा खरा अडसर आहे. पण अशा वेळी पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही, हे पाठ करून ठेवावे. करार झालेल्या दवाखान्यात थेट जाऊन कार्ड दाखवावे. योजनेला कळवण्याचे काम त्या दवाखान्याचे. असा दवाखाना जवळ नसेल तर जो मिळेल तो गाठावा. आधी जीव. मात्र ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे. कळवल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. बिल तेव्हा आपण भरायचे आणि नंतर परत मागायचे, ते सी.जी.एच.एस. च्या ठरलेल्या दराने मिळते, दवाखान्याने लावलेल्या दराने नाही. त्यामुळे काही रक्कम अंगावर पडू शकते. मूळ बिले, औषधांच्या पावत्या, सुट्टी देतानाचा कागद आणि तातडीची केस होती असे डॉक्टरचे लेखी, यातले काहीही हरवू देऊ नका.

करार झालेल्या दवाखान्यांची यादी बदलत असते. दर काही महिन्यांनी पॉलिक्लिनिकमधून ती विचारून घरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लावून ठेवावी. पॉलिक्लिनिकचा फोन नंबरही तिथेच. म्हाताऱ्याला दुखणे आल्यावर धावपळ पोरासोरांची होते, त्यांना पेटीतले कागद माहीत नसतात.

विधवा बाईचे काय?

माजी सैनिक वारला की पत्नीचा हक्क संपत नाही. कुटुंब पेन्शन सुरू झाली की ती स्वतः मुख्य सभासद होते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि कुटुंब पेन्शनीचा कागद घेऊन कार्ड आपल्या नावाने बदलून घ्यायचे असते. "ते गेले, आता कारड कायचं?" म्हणून कार्ड पेटीत टाकणारी बाई हक्काचे औषध सोडून देते. नवरा १९९६ च्या आधी निवृत्त झालेला असेल आणि कार्ड कधी काढलेच नसेल, तरीही तिला आज अर्ज करता येतो आणि वर्गणी माफ असते.

पेन्शन नाही त्यांनी काय करावे?

थोडी वर्षे नोकरी करून पेन्शनीविना परतलेलेही बरेच आहेत. त्यांना ई.सी.एच.एस. नाही, पण हात हलवत परतायचे कारण नाही. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदार हुद्द्यापर्यंतच्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना औषधोपचारासाठी मदत मिळते; २०२३ साली तिची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली. गंभीर आजारासाठीची मदत त्याच वर्षी १.२५ लाखावरून १.५० लाख झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो.

शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून सर्व रेशनकार्डधारकांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वयवंदना कार्डही निघते. ज्याच्याकडे ई.सी.एच.एस. आहे त्याने मात्र या दोहोंपैकी एकच निवडायचे असते. पॉलिक्लिनिकची रोजची औषधे लक्षात घेता फौजीने आपले कार्ड सोडण्यात शहाणपण नाही.

ग्रामपंचायतीला एक विनंती

२०२० मध्ये राज्य शासनाने माजी सैनिकांना घरपट्टी माफीची योजना आणली. त्यासाठी ज्यांनी अर्ज केले त्यांची नावे गावोगाव ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेत. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, ती यादी एकदा काढावी आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने आखावे : पेन्शन आहे काय, निवृत्ती कोणत्या साली, कार्ड आहे काय, बायकोचे नाव पी.पी.ओ. मध्ये आहे काय. एका गावात अशी पाच-दहा नावे निघतील. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्याचे कार्ड नाही त्याचा अर्ज ग्रामपंचायतीच्या संगणकावर भरून देता येतो. आशा ताई घरोघर जातातच; कोणत्या घरी फौजीची विधवा एकटी राहते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आपण गावच्या फौजीला मानाने बोलावतो. टोपी, शाल, नारळ देतो. तो छातीवर पदके लावून येतो, झेंड्याला सलामी देतो आणि दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरून घरी जातो. यंदा शाल देताना त्याला एवढेच विचारा : "काकाजी, दवाखान्याचं कार्ड काढलं काय?" नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची कागदं घेऊन बसा. मोठी दुखणी सांगून येत नाहीत. ती यायच्या आत कार्ड घरी आले पाहिजे.